मागवलेली फाइल आणि आलेली फाइल

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रात, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘फाइल करप्ट आली’ हे वाक्य ऐकायला फार वेळ थांबावं लागत नाही. प्रिंटरचा ड्रायव्हर असेल, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर असेल, मराठी फॉन्ट असेल, विंडोजची आख्खी इमेज असेल. तासभर वाट पाहून उतरवलेली फाइल उघडत नाही, किंवा उघडते आणि भलतंच काही करते. त्यावरचा इलाज सगळ्यांना पाठ आहे: डिलीट कर, परत डाउनलोड कर. बहुतेक वेळा तो लागू पडतो. लागू पडतो म्हणूनच तो अंगवळणी पडला, आणि ज्या थोड्या वेळा तो चालत नाही त्या वेळी तोच घात करतो.

ही पुस्तिका त्या थोड्या वेळांसाठी आहे. तिच्यातली सगळी प्रकरणं एका फरकावर उभी आहेत, तो आधी सांगतो. फाइल वाटेत मोडते, किंवा वाटेत बदलली जाते. मोडलेली फाइल पुन्हा मागवली की सहसा नीट येते. बदललेली फाइल त्याच वाटेने कितीही वेळा मागवली तरी बदललेलीच येते, शिवाय दरवेळी तंतोतंत तीच येते. त्यामुळे ‘दोनदा घेतली, दोन्ही वेळा सारखीच निघाली’ असा खोटा धीर मिळतो. बाहेरून पाहिलं तर दोन्हींची लक्षणं पुष्कळदा एकसारखी असतात. उपाय मात्र वेगळे आहेत. म्हणून उपायाला हात घालण्याआधी निदान करायचं, आणि त्या निदानासाठी महागडं काही लागत नाही.

ज्या पत्त्याच्या सुरुवातीला नुसतं एचटीटीपी आहे, पुढचा ‘एस’ नाही, तिथून येणारी फाइल उघड्या वाटेने येते. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या दुकानातून केलेली मागणी आधी दुकानातल्या राउटरमध्ये जाते, तिथून सेवा पुरवठादाराच्या यंत्रांमध्ये, पुढे बहुधा नागपूर-मुंबईमार्गे दूरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत; आणि फाइल हजारो तुकड्यांत परत येते. वाटेतल्या प्रत्येक यंत्राला ते तुकडे वाचता येतात. एवढं आपण लोकांना सांगत आलो आहोत: पासवर्ड चोरीला जाईल, असल्या जागी बँकेचं काम करू नका. पण ज्याला वाचता येतं त्याला लिहिताही येतं, हा भाग सांगायचा राहून गेला. आलेला मजकूर मूळ सर्व्हरनेच पाठवला आहे का, हे तपासायची सोयच साध्या एचटीटीपीत नाही. मधल्या यंत्राने तुकडे बदलले, जास्तीचे घातले, किंवा ‘तुमची फाइल इथे नाही, तिकडे आहे’ असा खोटा निरोप देऊन दुसरीकडेच वळवलं, तर ब्राउझर ते निमूटपणे खरं मानतो.

गोंदियाच्या संदर्भात हे सांगणं मला विशेष महत्त्वाचं वाटतं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला तेव्हा कचेऱ्या लोकांच्या जवळ आल्या. पुढच्या काळात त्या कचेऱ्यांचं बरंचसं काम गावातल्या संगणकावर येऊन पडलं. २०११ पासून संग्राम प्रकल्पात ग्रामपंचायतींमध्ये संगणक परिचालक बसू लागले, त्यानंतर आपले सरकार सेवा केंद्रं आली. आज आधारभूत दराने धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी, त्यासाठी सातबारा, आधार, बँकेचं पासबुक. पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्याच एका संगणकातून जातं. त्याच संगणकाला शेतकऱ्यांचे अंगठे घेणारं मशीन जोडलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ग्रामसेवकाच्या डिजिटल सहीचा डोंगलही त्यालाच खोचलेला असतो. अशा संगणकात कुठूनतरी आलेला, कुणी बनवला हे न तपासलेला ‘ड्रायव्हर’ बसवणं म्हणजे आख्ख्या गावाचे कागद धोक्यात घालणं. परिचालकाला हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, आणि बिघाड झाला की जबाबदारी मात्र त्याच्यावर येते. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

त्यात इथलं नेटवर्क. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात रेंज येते-जाते. सालेकसा, देवरीकडच्या सीमेवरच्या गावांत मोबाइल कधी आपला टॉवर पकडतो, कधी छत्तीसगडचा. रस्त्याच्या कामात केबल तुटली की मोबाइलचा हॉटस्पॉट, त्याचा डेटा संपला की शेजारच्याचं वायफाय. एकच फाइल सुरू होते एका जोडणीवर, अडकते, दुसऱ्या जोडणीवर ‘रिझ्यूम’ होते आणि तिसरीवर पूर्ण होते. म्हणजे मोडायच्या संधी भरपूर, आणि वाटाही अनेक. पण याच अनेक वाटा निदानाच्या वेळी आपल्या कामी येतात. ते कसं, हे पुढे येईलच.

निदानाची सुरुवात फाइलच्या आकारापासून करायची. संकेतस्थळावर ८० एमबी लिहिलंय आणि आपल्याकडे आलेली फाइल ४ केबीची आहे, तर तिच्यावर डबल क्लिक करू नका. नोटपॅड उघडा आणि ती फाइल ओढून त्यात टाका. बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत कोनी कंसात ‘एचटीएमएल’ ही अक्षरं दिसतील आणि खाली कुठेतरी इंग्रजी-हिंदीत वाचता येण्यासारखं वाक्य असेल: आपला डेटा पॅक संपला आहे, किंवा पुढे जाण्यासाठी मोबाइल नंबर टाकून ओटीपी घ्या. गोंदिया जंक्शनवर गाडीची वाट पाहत रेल्वेच्या वायफायवर फाइल लावणाऱ्याला हा अनुभव सहज येऊ शकतो. लॉगिन झालेलं नसताना फाइल मागितली की वायफायचं यंत्र तिच्या जागी लॉगिनचं पान पाठवतं. ब्राउझर तेच पान ‘सेटअप’ या नावाने जतन करतो. फाइलची ही अदलाबदलच आहे, हेतू तेवढा वाईट नाही. पण ती नीट पाहून ठेवावी, कारण उघड्या वाटेवर मधल्या यंत्राला एका फाइलच्या जागी दुसरी ठेवणं किती सोपं आहे, याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा यापेक्षा चांगला मिळणार नाही.

आकार ठीक असेल तर फाइलची पहिली काही अक्षरं पाहायची. नोटपॅडमध्ये बाकी सगळा कचरा दिसला तरी सुरुवात ओळखता येते. झिप फाइल ‘पीके’ने सुरू होते, ही झिप बनवणाऱ्या फिल कात्झ यांची आद्याक्षरं. विंडोजचा प्रोग्रॅम ‘एमझेड’ने सुरू होतो, तीही मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. पीएनजी या चित्रप्रकाराच्या कर्त्यांनी तर फाइलच्या सुरुवातीलाच ओळ संपल्याच्या खुणा मुद्दाम पेरून ठेवल्या आहेत. जुन्या एफटीपीवरून चित्र चुकून मजकुराच्या पद्धतीने पाठवलं गेलं की या खुणा बदलतात आणि फाइल वाटेत बिघडल्याचं पहिल्याच बाइटांमध्ये कळतं. असा विचार आधीपासून करून ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

आता अवघड भाग. आकार बरोबर, सुरुवात बरोबर, तरीही आतला मजकूर वेगळा असू शकतो. धान खरेदी केंद्रावर कट्टा काट्यावर ठेवला की वजन कळतं. आत कोणत्या वाणाचं धान आहे हे काट्याला कळत नाही. फाइलचा आकार हे तसंच नुसतं वजन आहे. आत काय आहे हे पाहायला हॅश लागतो. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणित करून काढलेली ही एक ठरावीक लांबीची खूण. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते, शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतून बनलेली. फाइल ४ जीबीची असो की ४ केबीची, खूण ६४ अक्षरांचीच. आणि आत एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. विंडोजमध्ये यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा पहिल्यापासून असते. तिला हॅशफाइल हा पर्याय, फाइलचं नाव आणि एसएचए२५६ एवढं दिलं की खूण समोर येते. ती कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायची, खालच्या ओळीत बनवणाऱ्याने जाहीर केलेली खूण चिकटवायची, आणि दोन्ही ओळी टोकापासून टोकापर्यंत जुळवायच्या. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून थांबायची सवय अनेकांना असते. ती सोडा. आठ अक्षरं जुळतील अशी बनावट फाइल तयार करणं साध्या संगणकालाही जमतं. चौसष्ट जुळवणं कुणालाच जमलेलं नाही.

कुणी विचारेल की इंटरनेटच्या यंत्रणेत चुका पकडायची सोय आधीच नाही का? आहे, पण तोकडी. टीसीपीच्या प्रत्येक पाकिटावर, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर, १६ बिटांची बेरीज असते. ती साधी बेरीज असल्याने आतल्या दोन शब्दांची अदलाबदल झाली तर तिला पत्ता लागत नाही. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या नेटवर्कवरची वाहतूक तपासून दाखवलं की दर ११०० ते ३२,००० पाकिटांमागे एक पाकीट खालच्या थरातली तपासणी पार करूनही या बेरजेत चुकतं. आणि बेरजेच्याही नजरेतून सुटणारं पाकीट त्यांच्या अंदाजाने १ कोटी ६० लाख ते १००० कोटींमागे एक. हे प्रमाण नगण्य वाटेल. पण ४ जीबीच्या एका विंडोज इमेजला ३० लाखांच्या आसपास पाकिटं लागतात. बिघडलेल्या राउटरच्या किंवा खराब रॅमच्या मागे बसून अशा इमेजेस वरचेवर उतरवणाऱ्या माणसाला हा आकडा कधी ना कधी भेटतोच. आणि मुख्य म्हणजे, मुद्दाम बदल करणारा बेरीजही नव्याने करून लिहितो. अपघात पकडण्यासाठी केलेली सोय हेतुपुरस्सर केलेली फसवणूक पकडू शकत नाही.

मोडलेली फाइल कुठली आणि बदललेली कुठली, हे ओळखायची रीत आता सांगतो. या पुस्तिकेतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मी हीच मानतो. फाइल एकाच वाटेने दोनदा उतरवा, वेगवेगळ्या नावांनी, ‘रिझ्यूम’ न करता. दोघींचे हॅश काढा. ते एकमेकांशीच जुळत नसतील तर बिघाड अपघाती आहे: रेंज, केबल, राउटर, रॅम किंवा हार्ड डिस्क यांपैकी काहीतरी. कारण अपघात दोनदा एकाच जागी, एकाच तऱ्हेने सहसा होत नाही. दोन्ही एकमेकांशी जुळतात, पण जाहीर केलेल्या खुणेशी जुळत नाहीत, तर काळजी सुरू करा. आता तीच फाइल पूर्ण वेगळ्या वाटेने घ्या: दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर, आणि शक्य तर दुसऱ्या संगणकावर. तिथे वेगळी आणि जाहीर खुणेशी जुळणारी फाइल आली, तर पहिल्या वाटेवर कुणीतरी किंवा काहीतरी बसलेलं आहे. दोन्ही वाटांनी तीच चुकीची फाइल आली, तर दोष मूळ ठिकाणी आहे. किंवा फाइलची आवृत्ती बदलली आणि पानावरची खूण जुनी राहिली. हा शेवटचा प्रकार वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो, म्हणून लगेच घाबरून जाऊ नये.

इथे एक फसवी जागा आहे. काही पुरवठादार उघड्या वाटेने गेलेल्या फाइलींची एक प्रत आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि पुढच्या ग्राहकाला तीच देतात. ती साठवलेली प्रतच अर्धवट असेल तर तुम्हाला दरवेळी तीच मोडकी फाइल येईल आणि ती बदललेल्या फाइलसारखी वाटेल. फरक असा की मोडकी प्रत चालत नाही, झिप असेल तर उघडताना सीआरसीची चूक दाखवते. मुद्दाम बदललेली फाइल मात्र व्यवस्थित चालते. ती चालावी यासाठीच कुणीतरी मेहनत घेतलेली असते. म्हणून ‘चालली की झालं’ ही कसोटी सगळ्यात धोक्याची.

मुद्दाम कोण बदलतं, हा प्रश्न गावातला माणूस हमखास विचारतो. त्याची उत्तरं आपल्याच देशात आहेत. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या तेजेश जी. एन. या प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं की एअरटेलच्या थ्रीजीवरून स्वतःचंच संकेतस्थळ उघडलं की त्यात आपण न लिहिलेला कोड दिसतो. त्यांनी तो पुराव्यासह जाहीर केला, तेव्हा तो कोड बनवणाऱ्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीने त्यांनाच कायदेशीर नोटीस पाठवली. ग्राहकांना डेटाचा वापर कळावा म्हणून ही व्यवस्था आहे, असं एअरटेलचं म्हणणं होतं. हेतू काहीही असो, वाटेतला माणूस मजकुरात हात घालू शकतो हे त्यातून भारतात सिद्ध झालं. मार्च २०१८ मध्ये कॅनडाच्या सिटिझन लॅबने दाखवलं की तुर्कस्तान आणि सीरियातले लोक नेहमीचे विंडोज प्रोग्रॅम मागत होते आणि तुर्की पुरवठादाराच्या जाळ्यातली यंत्रं त्यांना हेरगिरीच्या सॉफ्टवेअरकडे वळवत होती. तिथेही वाट उघडीच होती.

पण या विषयातला सगळ्यात बोलका प्रसंग महाराष्ट्रातल्या एका कंपनीशी जोडलेला आहे. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड टेक्नॉलॉजीजचा ई-स्कॅन हा अँटिव्हायरस. व्हायरसची नवी माहिती आणण्यासाठी अँटिव्हायरस रोज आपल्या कंपनीकडून अपडेट मागवतो. ई-स्कॅनची ही अपडेट काही वर्षं साध्या एचटीटीपीवरून येत होती. वाटेत बसलेल्या टोळीने त्या अपडेटच्या पॅकेजच्या जागी आपलं पॅकेज ठेवलं. ते उघडून, आतल्या फाइली जागच्या जागी ठेवून चालवायचं काम खुद्द अँटिव्हायरसनेच केलं, आणि तेही संगणकावरच्या सर्वोच्च अधिकारांसह. पुढचा घातक भाग एका निरुपद्रवी दिसणाऱ्या पीएनजी चित्राच्या शेवटी जोडून आणला जाई. मोठ्या संस्थांच्या जाळ्यांत मागचं दार उघडून ठेवणं आणि जोडीला संगणकाच्या ताकदीवर क्रिप्टो चलन खणणं, असा हा उद्योग. अवास्टच्या संशोधकांनी तो शोधून त्याला गुप्तीमायनर हे नाव दिलं, ई-स्कॅनला आणि भारत सरकारच्या सर्ट-इनला कळवलं. ३१ जुलै २०२३ रोजी दोष दूर झाल्याचं कंपनीने सांगितलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये सगळी हकिगत प्रसिद्ध झाली. आता अपडेट एचटीटीपीएसवरून येतात आणि सही नसलेली फाइल नाकारली जाते, असं कंपनीने कळवलं आहे.

या प्रसंगात वापरणाऱ्याची चूक काहीच नव्हती. त्याने भलत्या ठिकाणी क्लिक केलं नाही, फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं नाही. पैसे देऊन अँटिव्हायरस घेतला आणि तो अपडेट ठेवला. ‘कुठेही क्लिक करू नका’ एवढ्यावर संपणारी सायबर जागरूकता इथे थिटी पडते. वाट बंद करणं आणि मालावर सही ठेवणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती त्याच्याकडे मागायचा हक्क आपल्याला आहे.

सही म्हणजे काय, हे इथल्या परिचालकाला शिकवावं लागत नाही. ती त्याच्या रोजच्या कामात आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून ॲडोबी रीडरमध्ये उघडला की सहीच्या जागी पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि शेतकरी विचारतो, बँकेत चालेल ना? प्रश्नचिन्हाचा अर्थ सही खोटी असा नसतो. ही सही देणाऱ्या साखळीचा मूळ दाखला या संगणकाला अजून ओळखीचा नाही, एवढाच असतो. भारतात ही साखळी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकापर्यंत जाते. तो दाखला विश्वासाच्या यादीत घेऊन सही पुन्हा तपासली की हिरवी खूण येते. सहीनंतर कुणी पीडीएफमधला गट नंबर किंवा क्षेत्राचा आकडा बदलला तर रीडर तसं स्पष्ट सांगतो. विंडोजच्या प्रोग्रॅमवरची सही याच तत्त्वावर चालते. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात डिजिटल सिग्नेचर्सचा टॅब. तिथे बनवणाऱ्या कंपनीचं नाव हवं आणि तपशिलात सही ठीक असल्याचा निर्वाळा हवा. टॅबच नसेल तर फाइलवर सही नाही. लहान फुकट प्रोग्रॅमांवर ती नसतेही, पण अंगठ्याच्या मशीनच्या किंवा डोंगलच्या ड्रायव्हरवर नसेल तर तो बसवू नये, असं मी ठामपणे सांगेन.

सहीचं बळ डेबियन या लिनक्सच्या उदाहरणावरून कळतं. त्याची पॅकेजेस वर्षानुवर्षं उघड्या एचटीटीपीवरून येत आली, कारण प्रत्येक यादीवर सही असते आणि ती जुळल्याशिवाय काहीच बसत नाही. तरीही जानेवारी २०१९ मध्ये मॅक्स जस्टिच यांनी त्याच्या एपीटी या साधनातली एक फट दाखवली, जिच्यातून वाटेतला माणूस खोटं पॅकेज घुसवू शकत होता. ती लगेच बुजवली गेली. सही असताना वाट उघडी का ठेवायची, या जुन्या वादाला त्यानंतर फारसा अर्थ उरला नाही. दोन्ही हवं.

हॅशबद्दल एक नियम मात्र मोडू नये: खूण फाइलच्याच वाटेने आलेली नसावी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर हल्लेखोराने शिरकाव केला आणि डाउनलोडची लिंक मागचं दार असलेल्या इमेजकडे वळवली. पानावरची खूणही आपण बदलली होती, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं. अशा वेळी प्रामाणिकपणे हॅश जुळवणाऱ्यालाही सगळं ठीक दिसतं. उघड्या वाटेवर तर याला संकेतस्थळ फोडायचीही गरज नाही; जो फाइल बदलतो तो त्याच पानावरची ६४ अक्षरंही बदलू शकतो. म्हणून खूण दुसऱ्या जोडणीवरून, एचटीटीपीएसच्या पानावरून, किंवा बनवणाऱ्याच्या छापील कागदावरून घ्यावी. तालुक्यातल्या दोन केंद्रांनी फोनवर एकमेकांना खूण वाचून दाखवली तरी पुष्कळ. एमडी५ आणि एसएचए-१ या जुन्या खुणा अपघात पकडायला अजून पुरतात. फसवणुकीपुढे त्या निकामी आहेत: एमडी५ २००४ मध्ये चिनी संशोधकांनी मोडली, एसएचए-१ फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने.

एचटीटीपीएसवर माझा भर आहे, पण कुलपाचं चिन्ह दिसलं की प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्याच एनआयसीच्या प्रमाणपत्र व्यवस्थेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं आणि नियंत्रकाला ती साखळी रद्द करावी लागली. त्याहून रोजचा धोका साधा आहे: ड्रायव्हरच्या नावाने शोध घेतला की वरच जाहिरातीतली पानं येतात, त्यांनाही कुलूप असतं. कुलूप फक्त एवढंच सांगतं की या पानापासून तुमच्यापर्यंतची वाट बंद आहे. पान कुणाचं आहे ते तुम्हीच पाहायचं.

आणि खरं पानच बंद झालं तर? फेब्रुवारी २०२२ पासून व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ भारतात अनेक जाळ्यांवर उघडेनासं झालं. ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. मधले महिने व्हीएलसी हवा असणारा माणूस काय करणार? मिळेल तिथून घेणार. अधिकृत दार कारण न सांगता बंद केलं की लोक आडवाटेला लागतात, आणि आडवाटेवरच्या फाइलची हमी कुणीच देत नाही. मराठी फॉन्टच्या बाबतीत आपण हेच वर्षानुवर्षं सोसतो आहोत. टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं जुने फॉन्ट आणि कीबोर्डचे प्रोग्रॅम कुठकुठल्या पानांवरून, पेन ड्राइव्हवरून, व्हॉट्सॲपवरून मिळवतात. त्यांच्यासाठी तपासलेल्या फाइली आणि त्यांचे हॅश एका ठिकाणी ठेवणं हे जिल्हा पातळीवर सहज होण्यासारखं काम आहे, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

पुस्तिकेचं शेवटचं प्रकरण संशयित फाइल चालवून झाल्यानंतर काय करायचं यावर आहे. ते आधी वाचलं तरी चालेल, कारण गरज पडेल तेव्हा वाचायला वेळ नसेल. थोडक्यात असं: नेटची वायर काढा, डोंगल आणि अंगठ्याचं मशीन काढा, संगणक मात्र लगेच फॉरमॅट करू नका. फाइल डिलीट करू नका; तिचा हॅश, ती आल्याची तारीख-वेळ, जोडणी कुठली होती आणि पूर्ण पत्ता काय होता हे वहीत लिहा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या संगणकावरून. राउटरचा पासवर्ड पेटीतून आला तोच असेल तर तोही बदला, आणि त्याच्या सेटिंगमधले डीएनएसचे आकडे पुरवठादाराने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. डोंगल वापरात होता तर ग्रामसेवकाला त्याच दिवशी कळवा, म्हणजे सही वेळीच रद्द करता येते. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. फाइल वाटेत बदलली जात असल्याची खात्री पटली तर सर्ट-इनला लिहा. तक्रारीचा नमुना आणि सोबत जोडायच्या गोष्टींची यादी पुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांवर आहे.